पुराला दिलेली जागा

१८७८ साली बॉस्टन शहराच्या उद्यान मंडळाने एक स्पर्धा लावली. शहराच्या पश्चिमेला, बॅक बे नावाच्या दलदलीत मंडळाने १०६ एकर जागा घेतली होती आणि तिथे बाग कशी करावी याचे आराखडे मागवले होते. चौरस फुटाला १० सेंटांहून जास्त मोजायचे नाहीत अशी नगरपालिकेची अट होती. त्या भावात जशी जमीन मिळेल तशीच मिळाली. ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखल, त्यातून वाट काढणारे दोन नाले आणि उन्हाळ्यात खिडक्या लावून घ्यायला लावणारा वास. आराखडे आले. हर्मन ग्रुंडेल यांना ५०० डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं, आणि त्यांचा आराखडा बासनात गेला.

दोष एकट्या ग्रुंडेल यांचा म्हणता येणार नाही. स्पर्धा बागेची होती, म्हणून स्पर्धकांनी बागा काढल्या. त्या जागेचा खरा प्रश्न पाण्याचा होता आणि तो स्पर्धेच्या जाहिरातीत बसणारा नव्हता. स्टोनी ब्रूक आणि मडी रिव्हर हे दोन्ही प्रवाह वरच्या वस्त्यांचं पावसाचं पाणी आणि मैला घेऊन इथे उतरायचे आणि इथून चार्ल्स नदीत जायचे. चार्ल्स तेव्हा समुद्राच्या भरतीला उघडी होती. बॉस्टनच्या बंदरात भरती-ओहोटीतला फरक सुमारे १० फुटांचा. भरती आली की नाल्यांच्या पाण्याला पुढे वाट नाही, आणि नेमका त्याच वेळी जोराचा पाऊस झाला तर ते मागे फिरून लोकांच्या तळघरांत शिरायचं. अशा जागी फुलांचे ताटवे काढणाऱ्याला पहिल्या वादळाने उत्तर दिलं असतं.

बॅक बेची ही अवस्था निसर्गाने केलेली नव्हती. (मुंबईच्या बॅक बेशी हिचं नातं नावापुरतं आणि भराव घालण्याच्या हौसेपुरतं.) मूळचं बॉस्टन म्हणजे एका चिंचोळ्या पट्टीने मुख्य भूमीला जोडलेलं छोटं द्वीपकल्प. त्याच्या पाठीमागचा उथळ खाडीचा भाग तो बॅक बे. १८१४ मध्ये एका कंपनीने या खाडीच्या तोंडावर बांध घालून भरतीच्या पाण्यावर गिरण्या चालवायची परवानगी मिळवली. सुमारे दीड मैल लांबीचा हा बांध १८२१ मध्ये पुरा झाला. त्याच्या माथ्यावरून रस्ता गेला, आजची बीकन स्ट्रीट त्याच रेषेवर आहे. गिरण्या अपेक्षेइतक्या चालल्या नाहीत, पण बांधामुळे भरतीचं धुणं थांबलं. १८३० च्या दशकात त्याच खाडीतून दोन रेल्वेमार्ग भराव घालून नेले गेले आणि उरलंसुरलं वाहतं पाणी आणखी कोंडलं. शहराची गटारं मात्र तिथेच सुटत राहिली. १८४९ पर्यंत आरोग्य खात्यालाच म्हणावं लागलं, की ही खाडी बुजवून टाका.

बुजवण्याचं काम १८५० च्या दशकाच्या अखेरीला सुरू झालं. अमेरिकेतल्या त्या काळातल्या मोठ्या भरावांपैकी हा एक. सुमारे नऊ मैलांवरच्या नीडहॅम गावात वाफेवर चालणारी खोदयंत्रं टेकड्या खात होती आणि वाळू-खडीच्या वाघिणी रात्रंदिवस येऊन रित्या होत होत्या. भरावावर लगोलग उंची घरं उठली. मधोमध झाडांच्या रांगांची कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यू आली. शहर पश्चिमेकडे सरकत गेलं आणि १८७० च्या दशकात त्या दोन नाल्यांच्या मुखाशी येऊन अडलं. इथवर भराव घालणं हा नुसता ट्रेनचा आणि खडीचा हिशेब होता. यापुढे बुजवायचं तर नाल्यांचं काय करायचं, हे आधी ठरवणं भाग होतं.

त्याचं उत्तर शोधायला शहराचे अभियंता जोसेफ डेव्हिस होतेच. बॉस्टनची मुख्य मलनिस्सारण योजना त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहत होती. किनाऱ्याने जाणारी मोठी भुयारी गटारं वाटेतला सगळा मैला उचलणार, तो बंदरातल्या मून आयलंडवर साठवणार आणि ओहोटी लागली की समुद्रात सोडणार, अशी ती योजना. १८८४ मध्ये ती चालू झाली. मैल्याची सोय त्यामुळे लागणार होती. पण पुराच्या पाण्याची नाही. एका वादळात नाल्यातून जेवढं पाणी येतं तेवढं पोटात घेणारी गटारं बांधायची तर शहराचं दिवाळं निघालं असतं. म्हणून डेव्हिस यांनी मनाशी एक हौद धरला होता. सुमारे ३० एकरांचा, चारी बाजूंनी दगडी भिंतींचा. भरती असेपर्यंत पुराचं पाणी त्यात थांबेल आणि ओहोटीला सोडून देता येईल.

हिशेबाने हौद बिनचूक होता. पण शहराच्या सर्वांत महागड्या वस्तीच्या दाराशी दगडी काठांचं ३० एकरांचं डबकं कोणाला हवं होतं? उद्यान मंडळाकडे बाग होती आणि तिला पाण्याचा पत्ता नव्हता. अभियंत्याकडे पाण्याची सोय होती, पण तिच्याकडे बघवत नव्हतं.

फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हे नाव इथे येतं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे ते कॅल्व्हर्ट वॉक्स यांच्यासह निर्माते. १८७८ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या उद्यान खात्यातली त्यांची जागा तिथल्या राजकारणाने काढून घेतली होती. बॉस्टनच्या मंडळाचे अध्यक्ष चार्ल्स डाल्टन यांनी त्यांना आधी स्पर्धेचे परीक्षक व्हा म्हणून विचारलं. ओल्मस्टेड यांनी नकार दिला. अशा जागेचा आराखडा स्पर्धेतून मिळतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. स्पर्धेचा निकाल लागून काही साधलं नाही, तेव्हा मंडळ पुन्हा त्यांच्याच दारी गेलं.

ओल्मस्टेड यांची ओळख झाडं लावणारा माणूस अशी करून दिली जाते. ती अपुरी आहे. यादवी युद्धात त्यांनी सॅनिटरी कमिशनचे सचिव म्हणून काम केलं होतं. छावण्यांतल्या घाणीने सैनिक कसे मरतात, हे त्यांनी आकड्यांनिशी पाहिलं होतं. सेंट्रल पार्कच्या हिरवळीखालीही जमिनीचं पाणी काढून नेणाऱ्या नळ्यांचं मोठं जाळं होतं. पाण्याच्या निचऱ्याशिवाय बाग होत नाही, हे त्यांना बॉस्टनला येण्याआधी पक्कं ठाऊक होतं. बॉस्टनमध्ये ते एक पाऊल पुढे गेले.

पुढे १८८६ मध्ये बॉस्टनच्या वास्तुविशारदांच्या संस्थेपुढे त्यांनी या कामाची कथा स्वतःच सांगितली. तीवरून दिसतं, की त्यांनी डेव्हिस यांच्यापुढे बागेचं चित्र ठेवण्याआधी प्रश्न ठेवले. हौदात पाणी किती मावायला हवं, किती वेळ थांबायला हवं, पातळी किती चढेल? डेव्हिस यांना आकारमान हवं होतं, आकाराशी कर्तव्य नव्हतं. मग दगडी भिंतींऐवजी मातीचे उतरते काठ का नकोत, हा ओल्मस्टेड यांचा मुद्दा. त्यावर अडचण निघाली, की मोकळ्या पाण्यावर वारा लाटा उठवील आणि लाटा माती खातील. तोडगा त्या किनाऱ्यानेच पुरवला. न्यू इंग्लंडच्या खाजणांत खाऱ्या पाण्यात तगणारं गवत असतं, त्यातून नागमोडी चर वाहत असतो, आणि भरती-वादळांत ते सगळं बुडून पुन्हा वर येतं. तसंच एक खाजण इथे हाताने बांधायचं. पाणी अरुंद आणि वळणाचं ठेवलं की लाटा उठायला जागाच मिळत नाही, आणि गवत काठ धरून ठेवतं.

यंत्रणा अशी ठरली. दोन्ही नाल्यांचं रोजचं पाणी जमिनीखालच्या नळांतून परस्पर चार्ल्स नदीत जायचं. वर दिसणाऱ्या चरात खारं पाणी खेळायचं, आणि ते चार्ल्सच्या बाजूच्या फाटकातून मोजून आत यायचं, त्यामुळे एरवी पातळी फुटाभरापेक्षा जास्त हलायची नाही. कोकणातल्या खारभूमीच्या बांधाला उघाडी असते, तिची माहिती असणाऱ्याला हे फाटक वेगळं समजावून सांगायला नको, फक्त हेतू उलटा. तिथे खारं पाणी बाहेर ठेवायचं असतं, इथे बेतानं आत घ्यायचं होतं. आणि स्टोनी ब्रूकला पूर आला की नळांत न मावणारं पाणी या खाजणात सुटायचं. नेहमीचं ३० एकरांचं पाणी तेव्हा काठांवरची आणखी सुमारे २० एकर जमीन व्यापायचं आणि भरती उतरली की निघून जायचं. बुडणारी २० एकरं बुडण्यासाठीच लावलेली, म्हणून नुकसान काही नाही.

या जागेला ‘पार्क’ म्हणू नका, असं ओल्मस्टेड मंडळाला सांगत राहिले. त्यांच्या लेखी पार्क म्हणजे मोकळी हिरवळ, लोकांनी हुंदडायची जागा. इथे लोकांनी काठाने चालावं, पुलावर थांबावं, चिखलात उतरू नये. १८८७ मध्ये जागेचं अधिकृत नाव ‘बॅक बे फेन्स’ झालं. त्यांचा हट्ट तेव्हा अनेकांना पंडिती वाटला असणार. पुढच्या शतकात काय घडलं ते पाहता, त्या हट्टात बरंच शहाणपण होतं असं आता म्हणावं लागतं.

कामाला १८७९ च्या सुमारास हात लागला आणि ते वर्षानुवर्षं चाललं. चिखल उपसून चर खोदला गेला, काठ उचलले गेले. बॉयल्स्टन स्ट्रीटच्या पुलासाठी ओल्मस्टेड यांनी आपले मित्र आणि त्या काळचे अमेरिकेतले पहिल्या रांगेचे वास्तुविशारद एच. एच. रिचर्डसन यांना गाठलं. ओबडधोबड ग्रॅनाइटची ती एकाच कमानीची वळणदार रचना आजही रहदारी झेलते. स्टोनी ब्रूकच्या फाटकांसाठीही रिचर्डसन यांनीच एक छोटी दगडी इमारत काढून दिली. म्हणजे गटाराच्या झडपांचं घर बांधायला देशातला सर्वांत मागणी असलेला वास्तुविशारद! शहरं आपल्या पाणी सोडण्याच्या व्यवस्थेकडे कशी पाहतात, याचा एवढा सरळ पुरावा क्वचित मिळतो.

रस्त्यांचा विचारही याच आराखड्यात होता. फेन्सच्या दोन्ही अंगांनी वळणावळणाचे रस्ते आखले. शहराचे सरळ आडवे रस्ते पुलांवरून नेले, म्हणजे पाण्याच्या वाटेत मोऱ्यांचे अडथळे कमी. चार्ल्सगेट या तुकड्यातून फेन्सचं पाणी नदीला मिळायचं, आणि तिथेच ते कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूच्या झाडांच्या रांगेलाही छेदायचं. पाण्याची वाट, फिरायची वाट आणि गाड्यांची वाट एकाच कागदावर आखली जात होती. खाती वेगळी असली तरी कागद एक होता.

ही रीत त्याहून स्पष्ट दिसते ती वरच्या टप्प्यात. मडी रिव्हर म्हणजे बॉस्टन आणि शेजारचं ब्रूकलाइन गाव यांच्या हद्दीवरचा नाला, आणि हद्दीवरच्या नाल्याचं जे होतं ते त्याचं झालेलं होतं. दोघांचा मैला आणि जबाबदारी कोणाचीच नाही. तो झाकून नळात घालावा ही सर्वांना सुचणारी कल्पना. १८८१ च्या सुमारास ओल्मस्टेड यांनी उलटा प्रस्ताव दिला. मैला वेगळ्या गटारात काढा, नाला उघडा ठेवा, पण त्याला नवं पात्र द्या, काठांना उतार द्या, काठाने रस्ता काढा. भुयारी नळाला लागणारा पैसा वाचेल, फेन्सपासून जमैका तलावापर्यंत सलग फिरायची वाट मिळेल आणि काठाच्या जमिनींचे भाव वाढून कर मिळेल. ‘बाग हवी’ असं त्यांनी म्हटलं नाही. प्रस्ताव ‘मडी रिव्हरची सुधारणा’ या नावाने गेला, आणि नगरपालिकांच्या खर्चाच्या बैठकीत सुधारणा या शब्दाला जे वजन असतं ते सौंदर्याला नसतं, हे या माणसाला चांगलं कळत होतं.

काम १८९० च्या दशकात झालं. दोन्ही गावांची हद्दसुद्धा नव्या पात्राप्रमाणे हलवावी लागली. ब्रूकलाइनच्या बाजूने रेल्वे जात होती, ती दिसू नये म्हणून मातीचा बांध उभारून त्यावर झाडं लावली. बॉस्टनच्या बाजूने रिव्हरवे हा रस्ता गेला. त्यात बग्ग्यांचा मार्ग, घोडेस्वारांची पायवाट आणि चालणाऱ्यांची वाट वेगवेगळी. १८९२ मधली छायाचित्रं पाहिली तर सगळं उघडंबोडकं दिसतं. मातीचे ढीग, काठीएवढी रोपं, मध्ये नव्याने कापलेला चर. तीसेक वर्षांनी त्याच जागी दाट रान उभं होतं. फेन्स, रिव्हरवे, लेव्हरेट तलाव, जमैका तलाव, आर्नल्ड अर्बोरेटम, फ्रँकलिन पार्क ही सगळी साखळी मिळून सुमारे ११०० एकरांची झाली. तिला ‘एमराल्ड नेकलेस’ म्हणतात.

मधल्या काळात यंत्रणेची परीक्षाही झाली. १८८६ च्या फेब्रुवारीत साचलेला बर्फ आणि पाऊस एकदम आले आणि स्टोनी ब्रूकने वरच्या रॉक्सबरी भागात मोठा पूर आणला. खालचं खाजण तयार असून उपयोग काय, वरचं बंदिस्त पात्रच पाणी खाली पोचवायला अपुरं पडलं. त्यानंतर स्टोनी ब्रूकसाठी मोठं भुयारी पात्र बांधण्यात आलं.

जागेचं भाग्य मात्र उजळलं. ज्या चिखलाजवळ कोणी राहायला तयार नव्हतं, तिथे इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर यांनी व्हेनिसच्या धर्तीची आपली वास्तू उभारली. १९०३ मध्ये ती उघडली आणि आजही ती संग्रहालय आहे. १९०६ मध्ये हार्वर्डचं वैद्यकीय महाविद्यालय जवळच आलं, १९०९ मध्ये ललितकला संग्रहालय आलं. १९१२ मध्ये बेसबॉलचं जे मैदान उघडलं त्याने या परिसराचंच नाव घेतलं, फेनवे पार्क. दुर्गंधीचा पत्ता आता प्रतिष्ठेचा झाला होता.

आणि खाजण मरायला लागलं.

पहिला घाव वाईट हेतूने घातलेला नव्हता. ओहोटीला चार्ल्सचे काठही चिखलाचे पडायचे आणि वास मारायचा. नदीच्या मुखाशी धरण बांधून भरती अडवावी आणि मागे गोड्या पाण्याचा, कायम एका पातळीचा जलाशय करावा, ही मोहीम जेम्स स्टॉरो यांनी चालवली. अभियंता जॉन फ्रीमन यांच्या १९०३ च्या अहवालाने तिला आधार दिला, आणि १९१० मध्ये धरण पुरं झालं. चार्ल्सचं त्यात भलं झालं यात शंका नाही. पण फेन्सचं सगळं गणित भरतीवर उभं होतं. खारं पाणी आत येणं थांबलं, तसं खाऱ्या पाण्यावर जगणारं गवत गेलं. ओहोटीने पाणी ओढून नेण्याची सोय गेली. उरला तो गोड्या पाण्याचा सुस्त चर. त्यात मोठ्या पावसात स्टोनी ब्रूकच्या वाहिनीतून मैलामिश्रित पाणी येतच होतं, कारण वरच्या वस्त्यांत पाऊस आणि मैला एकाच नळातून वाहत होते. साचलेल्या गाळावर फ्रॅगमायटीस नावाचा पुरुषभर उंचीचा बोरू माजला. तो इतका दाट, की काठावरून पाणी दिसेनासं झालं.

ओल्मस्टेड हे पाहायला नव्हते. १९०३ मध्येच ते वारले होते. त्यांच्या पिढीतले अभियंतेही गेले होते. नव्या लोकांच्या हातात आलेल्या नकाशावर फेन्स म्हणजे हिरवा रंग दिलेला एक मोठा मोकळा तुकडा होता, आणि मोकळ्या तुकड्याला शहरात मागणी असते. १९२० च्या दशकात आर्थर शर्टलेफ, म्हणजे पुढचे आर्थर शर्क्लिफ, यांनी नवा आराखडा केला. भराव घालून खेळाचं मैदान झालं, आखीव वाटा आल्या, १९३० च्या सुमारास गुलाबांची वर्तुळाकार बाग आली. १९४२ मध्ये, युद्धाच्या काळात, लोकांनी भाजीपाला पिकवावा म्हणून काही एकर जमीन वाफ्यांना दिली. देशभरातल्या बहुतेक ‘व्हिक्टरी गार्डन्स’ युद्धाबरोबर संपल्या. इथले वाफे आजही चालू आहेत आणि बॉस्टनकरांना त्यांचा रास्त अभिमान आहे. यातली एकेक गोष्ट घेतली तर तिला नावं ठेवणं कठीण. गुलाबांना कोण विरोध करणार? पण भरावाच्या प्रत्येक पाटीबरोबर पुराची जागा कमी होत होती आणि त्याची नोंद कोणत्याच वहीत नव्हती.

पुढची पायरी मात्र सरळ अडाणीपणाची. फेन्स आणि रिव्हरवे जिथे जुळतात तिथे १९२८ मध्ये सिअर्स कंपनीची प्रचंड इमारत उभी राहिली होती. गिऱ्हाइकांच्या गाड्यांना जागा हवी, म्हणून १९५० च्या दशकात तिच्यासमोरचं मडी रिव्हरचं उघडं पात्रच बुजवलं गेलं. नदी प्रत्येकी सहा फूट व्यासाच्या दोन नळांत घातली आणि वर गाड्या उभ्या राहिल्या. ज्या नदीला नळात घालू नका म्हणून सत्तर वर्षांपूर्वी एवढा प्रपंच केला, ती पार्किंगसाठी नळात गेली. १९६० च्या दशकात चार्ल्सगेटवरून उड्डाणपूल गेला आणि फेन्स नदीला मिळते ती जागा काँक्रीटच्या छायेत बुडाली. रिव्हरवे आणि जमैकावे हे बग्ग्यांसाठी आखलेले संथ रस्ते तोवर घाईच्या मोटारींचे झाले होते.

अ‍ॅन व्हिस्टन स्पर्न या अभ्यासक बाईंनी १९८४ च्या ‘द ग्रॅनाइट गार्डन’मध्ये आणि नंतरच्या लेखनात या प्रकाराचं नेमकं कारण दाखवलं. ओल्मस्टेड यांचं काम इतकं बेमालूम उतरलं की ते काम आहे हेच लोक विसरले. हे मूळचं रान आहे आणि शहर त्याभोवती वाढलं, अशी समजूत झाली. दगडी हौद असता तर त्याच्या काठावर निदान पाटी तरी राहिली असती. स्पर्न यांचं म्हणणं पटतं, पण सगळा दोष झाडांच्या देखणेपणावर टाकता येत नाही. ज्या खात्याला पाण्याची काळजी होती त्याच्याकडे ही जमीन नव्हती, आणि ज्यांच्याकडे जमीन होती त्यांना पाण्याबद्दल कोणी जाब विचारत नव्हतं. डेव्हिस आणि ओल्मस्टेड यांच्या वेळचा तो एक कागद केव्हाच दोन फायलींत फाटला होता.

पाण्याने तो हिशेब दोनदा मांडला. १९६२ च्या ऑक्टोबरात मडी रिव्हर काठ सोडून भुयारी ट्रॉलीच्या बोगद्यात शिरली आणि केनमोर स्थानक भरलं. लोकांनी पाणी उपसलं, पुढे बोगद्याच्या तोंडाशी अडसराची सोय केली गेली. मग १९९६ च्या ऑक्टोबरात पुन्हा तेच. दोन दिवसांच्या मुसळधार पावसाने आलेलं पाणी सिअर्ससमोरच्या त्या दोन नळांत मावलं नाही. ते पार्क ड्राइव्हच्या बाजूने वर आलं, रुळांच्या वाटेने बोगद्यात उतरलं, आणि केनमोर स्थानक छताच्या दिशेने भरत गेलं. फेनवे परिसरातली तळघरं, महाविद्यालयं, संग्रहालयांचा शेजार, सगळीकडे पाणी.

१९९६ च्या पुराने निदान एक झालं. नदी गाळाने भरली आहे आणि नळ अपुरे आहेत, हे सांगायला आता तज्ज्ञ लागत नव्हता. १९९८ मध्ये एमराल्ड नेकलेस कॉन्झर्व्हन्सी ही नागरी संस्था स्थापन झाली. बॉस्टन, ब्रूकलाइन, मॅसॅच्युसेट्स राज्य आणि लष्कराचं अभियांत्रिकी दल यांना एकत्र आणून आराखडा, मंजुरी आणि पैसा जमवता जमवता पंधराएक वर्षं गेली. प्रत्यक्ष खोदाई २०१३ च्या सुमारास सुरू झाली. सिअर्ससमोरचं पार्किंग उखडलं, नदी पुन्हा उघड्यावर आणली, आणि रस्त्यांखाली जिथे तिला जावंच लागतं तिथे २४ फूट रुंद आणि १० फूट उंच पेटीच्या आकाराच्या मोऱ्या बसवल्या. सहा फुटांच्या नळांशी हे माप ताडून पाहण्यासारखं आहे. पहिला टप्पा २०१६ मध्ये पुरा झाला. जुन्या पार्किंगच्या जागी आज काठांवर झाडं आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात फेन्समधला गाळ उपसून बोरूची बेटं मुळापासून काढायचं काम हाती घेतलं गेलं. रिचर्डसन यांनी काढलेलं स्टोनी ब्रूकचं फाटकघर २०१० पासून कॉन्झर्व्हन्सीचं माहिती केंद्र झालं आहे. बागेचे नकाशे तिथे मिळतात.

दरम्यान जगात इतरत्र हीच कल्पना नव्याने निघाली होती, आणि बहुतेक ठिकाणी पुरानंतरच. २ जुलै २०११ ला कोपनहेगनवर दोनेक तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. शहराने पुढच्याच वर्षी ढगफुटीचा आराखडा केला. त्यात पुराचं पाणी वाहून नेणारे रस्ते आणि साठवणाऱ्या बागा अशी सुमारे ३०० कामं २० वर्षांत करायची ठरली. तिथली १९२० च्या दशकातली एंगहॅवे बाग २०१९ मध्ये नव्याने उघडली. तिच्याभोवती आता बसण्याजोगा बुटका कठडा आहे, मैदान खोलगट आहे आणि जमिनीखाली टाकी आहे. मोठ्या पावसात त्या बागेत सुमारे सव्वादोन कोटी लिटर पाणी थांबू शकतं. तिथल्या रचनाकारांची आणि डेव्हिस-ओल्मस्टेड जोडीची भेट घडली असती तर आकड्यांवर बोलायला त्यांना दुभाष्याची फारशी गरज पडली नसती. पातळी किती, वेळ किती, जागा किती, हे प्रश्न तेच होते.

बॉस्टनमध्ये खारं खाजण परत आणण्याचा बेत मात्र कोणी केलेला नाही. १९७८ मध्ये चार्ल्सवर जुन्याच्या खाली नवं धरण आलं. त्यावर पुराचं पाणी भरतीच्या वेळीही समुद्रात लोटणारे मोठे पंप आहेत. भरती आता फेन्सपर्यंत पोचत नाही आणि पोचू दिली जाणारही नाही. म्हणून नव्या कामात गोड्या पाण्यात तगणाऱ्या वनस्पती लावल्या जातात. ओल्मस्टेड यांच्या आराखड्यातून उतरवून घेतलेली चीज आहे ती पात्राची रुंदी आणि काठांचा उतार. गाळ पुन्हा बसणार, बोरू पुन्हा डोकं काढणार, हे गृहीत धरून प्रकल्पाबरोबर देखभालीवर नजर ठेवणारी नागरिकांची एक समितीही नेमण्यात आली. मोऱ्यांची तोंडं मोकळी आहेत का, काठावर काय उगवतंय, ठरलेला निधी कोणी भरला आणि कोणी नाही, हे चारही यंत्रणांना विचारत राहणं एवढंच तिचं काम आहे.